बारामती ते इंदापूर, मोठ्या गाडीने, परत, छोटीने

बारामतीच्या एसटी स्टँडवर मला न्यायला एक नव्हे, दोन गाड्या आल्या होत्या. पुढे तात्यांची जुनी पांढरी ॲम्बॅसेडर आणि मागे त्यांचा मुलगा, म्हणजे माझा कॉलेजातला मित्र विलास, याची नवी कोरी मारुती. मोठी गाडी इंदापूरच्या एका गिऱ्हाइकाला द्यायची आणि छोटीतून लासुर्ण्याला त्यांच्या घरी परतायचे, असा बेत होता. दोन्ही गाड्या एकाच दिवशी तोलून बघायची संधी कोण सोडतो? जाताना मी मोठीत बसलो.

बसलो कसला, रुतलोच. पुढची सीट सलग, पलंगाएवढी ऐसपैस. एवढी जागा कशाला, हे लवकरच कळले. लासुर्ण्याच्या अलीकडे एका म्हाताऱ्याने हात केला, गाडी थांबली. पुढे दोन बायका चढल्या, त्यांच्या टोपल्यांसकट. निमगाव केतकीला बाजार होता. तिथे पोचेपर्यंत मी दाराला चिकटलो होतो आणि माझ्या इस्त्रीच्या पँटवर कुणाची तरी कोंबडी मुक्कामाला होती.

बाजारात सगळे उतरल्यावर मी विचारले, "तात्या, भाडं घेता का हो?"

"आवो, भाडं कसलं! माणूस हात करतंय, म्हंजी आपली वळख हाय."

"मग गाडी विकता कशाला?"

"क्लच दाबताना गुडघा बोंब मारतोय. आन् विलासला ही नको." गिअर टाकत म्हणाले, "उद्यापासनं मला कोन हात करनार? तेवढंच जिवाला लागतंय बगा."

इंदापुरात गिऱ्हाइकाने चारी दारे आपटून पाहिली आणि किल्ली घेतली. तात्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

छोटीचे कौतुक मात्र करायलाच हवे. गिअर अलगद पडतो, गर्दीतून ती मांजरासारखी निसटते आणि वळायला अंगण पुरते. पण मागे माझे गुडघे हनुवटीला लागले होते आणि शेजारी दुरुस्त करून आणलेली विहिरीवरची मोटर होती. निमगावचा बाजार उठला होता. कडेला तात्यांच्या ओळखीची माणसे उभी होती, पण एकानेही हात केला नाही. तात्या नुसते काचेतून बघत होते. मला फार वाईट वाटले.

पुढे एका फाट्यावर कडेवर लेकरू घेतलेली बाई दिसली.

"थांबव," तात्या म्हणाले.

"जागा कुठं हाय, तात्या?" विलास कुरकुरला, पण थांबला.

बाईने वाकून आत पाहिले. "ऱ्हाऊ द्या तात्या. मावनार न्हाय मी."

"मावतीस की!" म्हणत तात्या खाली उतरले आणि तिला आपल्या जागेवर बसवले. मी उतरायला लागलो, तर दटावले, "पावणं हाय तुमी. जावा, मी येतो मागनं."

थोडे पुढे गेल्यावर मी वळून पाहिले. तात्या कडेला उभे राहून उसाच्या ट्रॅक्टरला हात करत होते. ट्रॅक्टर थांबला. चालवणारा अंग चोरून त्यांना जागा करून देत होता.

दुसऱ्या दिवशी पुण्याला परतताना माझ्या मनात एकच प्रश्न होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी हात केला, तर कोण थांबेल?