न घेतलेली चाचणी

नागोराव मलकपेठेत राहतात. वीज खात्यात मीटर तपासतात आणि बावीस वर्षांपासून रविवारी सॉफ्टबॉलच्या मॅचला अंपायर म्हणून उभे राहतात. नवे अंपायर तयार करायचं शिबिरही त्यांच्याकडंच.

यंदाचं शिबिर दोन दिवसांचं. पहिला दिवस हार-सत्कारात गेला. दुसऱ्या दिवशी मैदानावर क्रिकेटवाले आलते, म्हणून बिर्याणी खाऊन फोटो काढला. संघटनेचे सेक्रेटरी हिम्मतरावांनी एकतीस फॉर्म पुढं ठेवले. प्रत्येकावर छापलेलं, ‘प्रत्यक्ष चाचणी घेतली.’

“घेतली कुठं?” नागोराव म्हणाले.

“करा की सही. पोरं मैदानात शिकतेत. तुम्ही काय आईच्या पोटातून शिट्टी घेऊन आलते?”

नागोरावांनी एकतीस सह्या केल्या.

महिन्याभरानं बरकतपुऱ्याच्या टीमची मॅच होती. नागोरावांची लेक सुमेधा तिच्यात. जिंकणाऱ्या टीमच्या पोरी राज्याच्या निवडीला जाणार होत्या आणि वयोगटात सुमेधाचं हे शेवटचं वर्ष. शेवटचा डाव, दोन आउट, एक रन कमी, तिसऱ्या बेसवर एक पोरगी. तिसऱ्या स्ट्राइकला सुमेधाची बॅट हुकली, पण बॉल कॅचरच्या हातातून निसटला. अशा वेळी बॅटरला पळता येतं. ती पळाली, पहिल्या बेसवर पोचली; तिसऱ्या बेसवरची होम बेसला आली. बरोबरी.

त्या एकतीसांतलाच अंपायर विकी, त्यानं हात वर केला. आउट. मॅच खतम.

“बॉल पडला ना, सर,” सुमेधा म्हणाली.

“तीन स्ट्राइक मतलब आउट. सर्टिफिकेट है मेरे पास.”

कुंपणाबाहेर नागोराव उभे होते. सुमेधा त्यांच्याकडं आली.

“पप्पा, चाचणीत असा बॉल टाकलता का ह्याला?”

“चाचणी झालीच नाही.”

ती खाली बसून बुटाच्या नाड्या सोडू लागली.

टीमनं लगेच तक्रार दिली. नागोरावांनी त्याच कागदाखाली लिहिलं, ‘मी चाचणी न घेता सही केली आहे,’ आणि नाव घातलं. हिम्मतरावांनी वाचून कागद दुमडला. “कायकू नागोराव? स्वतःच्याच पायावर?”



दहा दिवसांनी संघटनेचं पत्र आलं. निकाल कायम. विकी कायम. नागोरावांचं नाव अंपायरांच्या यादीतून कमी.

त्यांनी ते सुमेधाला वाचायला दिलं. तिनं वाचून टेबलावर ठेवलं.

“लिहिलं ते बरं केलं का वो पप्पा?”

“ठावं नाही.”

“जेवताव का?”

“हौ,” म्हणून ते हात धुवायला उठले.