अक्का मध्येच उभी राहिली

अक्का पहिल्यांदा माझ्या गोदामात आली ती काळा कोट घालून, आणि आल्या आल्या एकेका खुर्चीवर बसून बघू लागली. चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या कंपन्या ऑफिस बदलतात तेव्हा त्यांचं जुनं फर्निचर मी उचलतो आणि विकतो. गिऱ्हाईक गादी दाबतं, चाकं फिरवतं. ही बाई नुसते खुर्चीचे पाय बघत होती. शेवटी एक साधी लाकडी खुर्ची निवडून म्हणाली, "हिचे पाय वीतभर कापून दे, तंबी." तंबी म्हणजे धाकटा भाऊ, इकडे कुणालाही म्हणतात. मी भाव चढवून सांगितला. तिनं घासाघीस न करता मान हलवली, आणि मला रागच आला. भांडल्याशिवाय विकलेल्या मालाला चव नसते. एवढ्या बुटक्या खुर्चीवर बसणार कोण, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"माझे पक्षकार," ती म्हणाली. "पाय जमिनीला टेकले नाहींत तर मूल खरं बोलत नाहीं."

पुढे मी वेस्ट मांबलमला फ्लॅट घेतला, तर खालच्या मजल्यावर हीच. सुगुणाबाई वकील, तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातली. तिचं मराठी पोथीतलं आणि चाल तमिळ. माझं विट्याकडचं रांगडं. रविवारी सकाळी तिच्याकडे फिल्टर कॉफी ठरलेली. मी हातातल्या पिशवीनिशी या शहरात आलो आणि कसा वर आलो हे तिला ऐकवायचो. सौद्यातली माझी खुबीही मीच तिला सांगितली होती : बोलायचं कमी, समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहायचं. तो कधीतरी नजर काढतो आणि तिथंच भाव पडतो. ती हसली. "बाप रे. तुझ्यासमोर माझी पोरं टिकायची नाहींत."

ती पूर्वी जमिनीचे दावे चालवायची. ते सोडून मारहाणीतली, टाकून दिलेली, दोन घरांच्या ओढाताणीत सापडलेली मुलं तिनं धरली. मी तिला मूर्ख म्हणायचो, तोंडावर. तिचं उत्तर ठरलेलं. "मोठ्यांना वकील मिळतो, तंबी. लहानांना नुसते नातेवाईक मिळतात." एका रविवारी भलतीच खुशीत होती. कित्येक महिने धड न जेवलेला एक मुलगा कोर्टातून बाहेर पडल्यावर भूक लागली म्हणाला होता. "त्यानं इडली खाल्ली आणि माझं पोट भरलं. तुझ्या धंद्यात असं होतंय कां?" होत नव्हतं. पण मी ते कबूल केलं नाही.

मग माझा भाऊ गेला. वहिनी आधीच गेली होती, ती चेन्नईजवळच्या कोवलमच्या मासेमारांतली. मागे राहिली मुक्ता, नऊ वर्षांची, आजीजवळ. आजी किनाऱ्यावर मासळी विकायची. मी मुलीला माझ्या घरी आणायचं ठरवलं. चांगली शाळा, स्वतंत्र खोली, आपली भाषा. आजी देईना, तेव्हा मी कोर्टात गेलो. मुलीच्या वतीनं बोलायला कोर्टानं अक्काला नेमलं, तेव्हा मी घरी पेढे वाटले. आपली बाई, आपल्या भाषेची, आपल्या बिल्डिंगमधली.

अक्कानं रविवारची कॉफी बंद केली. "निकाल लागेपर्यंत नको, तंबी. मी तुझीही नाहीं, आजीचीही नाहीं." मी हसून सोडून दिलं.

तारखेच्या दिवशी मुक्ता अक्कानं घरून आणलेल्या त्या बुटक्या खुर्चीवर बसली होती, पाय फरशीवर टेकवून. मी समोरच्या बाकावर. जज्जसाहेबांनी तिला विचारायला सुरुवात केली आणि अक्का आपली जागा सोडून आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. मी डावीकडे सरकलो, तर ती डावीकडे सरकली. मुक्ता आजीकडे राहायचं म्हणाली. तसाच निकाल झाला. मला रविवारची भेट मिळाली.

जिन्यात मी अक्काला नको ते बोललो. माझ्या पोरीचं तोंडही मला बघू दिलं नाहीस, म्हणालो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कारण सांगितलं नाही. नंतर किती वेळा दार उघडून म्हणाली, "तंबी, कॉफी झालीय." मी न थांबता वर गेलो. असं एक वर्ष नाही, मुक्ताचं कॉलेज होऊन नोकरी लागेपर्यंत.

यंदा अक्का गेली. आजारी होती, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. उद्या जाऊ, असं म्हणत होतो. तिच्या घरी मुक्ता आलेली दिसली, कोपऱ्यातल्या त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलेली. तिच्याजवळ बसलो आणि इतक्या वर्षांचं तोंडातून निघालंच. म्हणालो, चांगली होती, पण त्या दिवशी मला पाठ दाखवली तिनं.

मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या मोडक्या मराठीत सांगू लागली. तारखेच्या आधी अक्का तिला रिकामं कोर्ट दाखवायला घेऊन गेली होती. सगळ्या मुलांना न्यायची. खुर्चीवर बसवून विचारायची, मी कुठं उभी राहू? मूल दाखवेल त्या जागी उभी राहायची.

"ती जागा मी दाखवली, काका. तुम्ही दिसला असता तर मला नाही म्हणता आलं नसतं."

अक्कानं हे मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"ती म्हणाली, ते तू सांगायचं. मोठी झाल्यावर, वाटलं तर."

बाकीचे लोक उठून बाहेर गेले. मी तिथंच बसून राहिलो. आतून कॉफीचा वास येत होता, अक्काची बहीण आल्यागेल्यासाठी करत होती. तिनं पेला माझ्यापुढे ठेवला.