बाईंना रस प्यायला बोलावलं त्याची गोष्ट

नातीच्या आभाराच्या ईमेलमध्ये मी माझ्या पदरच्या चार ओळी घुसडल्या. तीन वर्षं झाली. तेव्हा मी सत्तरीतली कोवळी पोर. अक्कलदाढ केव्हाच पडली होती, अक्कल तेवढी यायची होती.

नातीला पुण्याच्या एका कॉलेजातच शिकायचं होतं. मुलाखत लॅपटॉपवर झाली. सगळं इंग्रजीत विचारून झाल्यावर मुलाखत घेणाऱ्या बाई मराठीत म्हणाल्या, "कोल्हापूरच्या का तुम्ही? तुमच्याकडचा गूळ आमच्या घरी फार आवडतो." दाराआड मी होतेच.

नातीनं फोनवर आभार लिहिले. तीन ओळी, शिळ्या भाकरीसारख्या कोरड्या. "आजे, तुझा हातगुण चांगला हाय, तूच पाठीव," म्हणून फोन माझ्याकडं दिला आणि देवापुढं साखर ठेवायला आत गेली.

नुसते आभार? या-बसा काही नकोच? फोनला बोललं की तो लिहितो, एवढी विद्या मला येत होती. खाली जोडलं : 'बाई, दिवाळीनंतर आमचं गुऱ्हाळ सुरू होतंय. रस प्यायला या. तुमच्यासाठी गुळाची ढेप काढून ठेवते. पोरीच्या ॲडमिशनचं तेवढं बघा.' दाबलं बटण. वर स्वतःवरच खूश!

नात आली, तिनं वाचलं.

"आजे, ही लाच झाली की गं!"

"लाच कसली? ढेप हाय ती."

"तेच की!"

"मग बोलव माघारी."

"न्हाय येत आता."

तिचा बाप, म्हणजे माझा लेक, म्हणाला, "माफी मागून दुसरं पाठवूया." नात म्हणाली, "पयलं वाचलं नसलं, तर दुसऱ्यामुळं वाचतील." मग तिघंही त्या फोनकडं बघत बसलो. दूध उतू गेलं तरी कुणी उठलं नाही.

पुढं जेवताना फोन ताटाशेजारी असायचा. वाजला की गॅसवाला. बाईंचं उत्तर आलं नाही, आणि प्रवेशही मिळाला नाही. कशामुळं, ते विचारायचं कुणाला? नात इथल्याच कॉलेजात जाऊ लागली. त्या वर्षी मी गुऱ्हाळाकडं फिरकले नाही.

परवा तिच्या डोक्याला तेल लावताना शेवटी तोंडातून निघालंच, "माझ्यापायी गेलं बघ तुझं पुणं."

तिनं मान वळवली नाही. म्हणाली, "आजे, त्या दिवशी मुलाखतीत मला धड उत्तरंच देता आली न्हवती. तुझ्या ढेपंमुळं घरात कुणी मला काय इचारलंच न्हाय."