धक्क्याला लागलेलं गलबत

आमच्या घरात चार पिढ्यांनी एकच कादंबरी वाचली आहे आणि परवापरवापर्यंत तीसेक वर्षं तिचं शेवटचं वाक्य कुणी मोठ्यानं वाचलेलं नव्हतं. आई वाचू देत नव्हती. तिचं म्हणणं साधं होतं. एवढी गुणाची पोरगी शेवटच्या ओळीला मरते, तर ती ओळ लेकरांपुढं वाचायचीच कशाला? यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मीही माझ्या लेकीला आणि नंतर नातीला ते पुस्तक एक ओळ राखूनच वाचून दाखवलं.

पोरगी म्हणजे कादंबरीतली. कोकणातली, अकरा वर्षांची. समुद्राच्या पलीकडं काय आहे ते बघायचं म्हणून आईला न सांगता नारळाच्या पोत्यांमागं लपून गलबतात बसते. पुढं वादळ येतं, बेट येतं, ताप येतो, एक लबाड खलाशी आणि एक भला खलाशी येतो. लहान मुलांच्या पुस्तकात यायचं ते सगळं येतं. पण ती पोरगी अशी आहे की जेवायला उठू देत नाही. माझ्या आईला अक्षरओळख नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्या पोरीला आपली करून टाकलं. "आगाव हाय, पर मनानं चांगली हाय," असं ती शेजारणीला सांगायची. शेजारीण विचारायची, "कुनाची गं?"

हे पुस्तक अण्णांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, तुळजापूरच्या यात्रेत शेतीचं पुस्तक समजून घेतलं. त्यांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूत सुरू झाली, मराठी मागून आली, त्यामुळं मराठी ते बोट ठेवून सावकाश वाचत. दुकानात त्यांनी मधलंच पान उघडलं, तर तिथं नांगर टाकला असं लिहिलेलं. तेवढं त्यांना पुरलं. घरी येऊन बघतात तर सगळीकडं पाणीच पाणी. आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं. आणि या पुस्तकात पानोपानी पाणी, तेही पिता न येणारं. अण्णांना त्याचा मनापासून राग आला. पण घेतलंय तर वाचून काढलंच पाहिजे, अशा हट्टानं त्यांनी उन्हाळ्यातल्या दुपारी कडुलिंबाखाली बसून ते आम्हाला वाचून दाखवलं.

नांगराचा प्रश्न मात्र सुटेना. बंदर आलं की हे लोक नांगर समुद्रात टाकणार. मी विचारलं, "अण्णा, गलबतावर नांगर नेलाच कशाला म्हणते मी?"

"कोकनात जमीन कुटं हाय नांगराय? समदा खडक," अण्णा म्हणाले. "कळल्यावर टाकून देनार न्हाय तर काय करनार?"

दोन पानांनी त्या लोकांनी नांगर वर ओढून घेतला.

"पस्तावले," अण्णा म्हणाले आणि पुढं वाचू लागले.

आईनं नांगर लोखंडी होता का लाकडी एवढंच विचारलं. लोखंडी म्हटल्यावर तिला फार हळहळ वाटली.

आमच्या घरात मराठीतल्या कुठल्याही शब्दाचा अर्थ अण्णा ठरवत आणि त्यावर अपील नसे. शेवटचं वाक्य होतं, 'दुसऱ्या दिवशी सकाळी गलबत धक्क्याला लागलं.' त्याच्याखाली समाप्त. अण्णांनी पुस्तक मिटलं. "धडकलं. खलास," ते म्हणाले. "एवढ्या संकटातून आली आन् दारात बुडाली बगा." आम्ही भावंडं रडलो. आई चुलीकडं गेली आणि तिनं त्या लेखकाला दोन शिव्या घातल्या. त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, पण योग्य होत्या. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुस्तक पुन्हा वाचलं. ती पुन्हा बुडाली. तरी आम्ही दरवर्षी वाचतच राहिलो. एखाद्या वर्षी ती तरेल अशी आशा होती की काय, कुणास ठाऊक.

पुस्तकानं आमच्या घराला लपायची खोड मात्र लावली. मी कडब्याच्या गंजीत लपले आणि मुंग्या चावल्या म्हणून स्वतःच बाहेर आले. पुढं माझी लेक ज्वारीच्या पोत्यांमागं जाऊन बसली, तिथंच झोपली, आणि अख्खी गल्ली विहिरीत डोकावत फिरली. नात तर जावयाच्या गाडीच्या डिकीत सापडली. जावई म्हणाले, असली पुस्तकं मुलांना देऊ नयेत. मग त्यांनी ते स्वतः वाचलं आणि ती पोरगी बुडाली म्हणून दोन दिवस हळहळत होते.

माझी धाकटी बहीण आमच्यात शेंडेफळ. माझं लग्न होऊन मी अणदूरला आले त्याच्या आगेमागे जन्मलेली. तिला तर ते पुस्तक पाठ होतं. माझी लेक ऐकण्याजोगी झाली तेव्हा मी ते महिनाभराच्या बोलीवर तिच्याकडून मागून आणलं. देत नव्हती, भांडून आणलं. मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. पुस्तक अणदूरला होतं म्हणून वाचलं. बहीण सास्तूरला, आमच्या माहेरी होती. अकरा वर्षांची होती. याच्यापुढं मला त्याबद्दल लिहायचं नाही.

नव्या गावठाणात घरं होईपर्यंत आई-अण्णा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. त्यातले काही दिवस मी आईला माझ्याकडं आणलं. एका दुपारी मी लेकीला पुस्तक वाचून दाखवत होते. आई भिंतीला टेकून बसलेली. दोन महिने ती धड बोलली नव्हती. मी शेवटच्या पानावर आले तशी म्हणाली, "हितंच थांब." आमच्या भागात तेव्हा धक्का या शब्दाला एकच अर्थ उरला होता. सकाळ झाली की लोक एकमेकांना आधी तेच विचारायचे, पहाटचा धक्का जाणवला का म्हणून. मी पुस्तक मिटलं. तेव्हापासून ही रीत पडली. अण्णा गेले, लेकीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, ती मुलगी पाचवीत गेली, तरी रीत चालूच.

आता माझं शहाणपण सांगते. पंचवीस वर्षं मी अंगणवाडीत पोरांना अक्षरं गिरवायला शिकवली. मुंबईत एक नावाजलेला धक्का आहे हेही मी ऐकून होते. तिथं गर्दीत लोक धक्के खातात म्हणून ते नाव पडलं असेल, अशी माझी समजूत. कुणी विचारलं असतं तर मी ती ठामपणे सांगितलीही असती. अण्णांची लेक आहे मी.

गेल्या हिवाळ्यात लेक-जावयानं मला कोकणात नेलं. साठी ओलांडल्यावर समुद्र बघितला. मोठा आहे. त्याच्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय. तिथल्या बंदरावर एक बोर्ड होता, धक्क्यावर वाहने उभी करू नयेत. मला वाटलं, टवाळ पोरांनी बोर्डाची अक्षरं बिघडवली. शेजारी एक बाई मासळीच्या टोपल्या उतरवून घेत होती. तिला विचारलं, "अहो बाई, हा धक्का म्हणजे काय?"

तिनं मला खालून वरपर्यंत बघितलं आणि पाय सिमेंटवर दोनदा आपटून दाखवला. "हा काय. बोट लागते तो."

"म्हणजे धडकते?"

"धडकेल कशाला? लागते. माणसं उतरतात नि घरी जातात."

मी तिथंच मटकन खाली बसले. नातीला वाटलं, चक्कर आली. चक्कर कसली, कपाळ माझं! ती पोरगी घरी पोचली होती. तसं छापलेलंच होतं, माझ्या घरात, माझ्या कपाटात, आणि मी पंचवीस वर्षं अक्षरं गिरवून घेत होते. आधी मला हसू आलं. मग अण्णांचा भयंकर राग आला, मग स्वतःचा. नांगराचंही तिथंच कळलं, पण ते राहू द्या.

प्रश्न होता आईला सांगायचं का. भूकंपानंतर आई त्या दोघींना, पुस्तकातल्या पोरीला आणि माझ्या बहिणीला, एकत्रच आठवते, हे मला ठाऊक होतं. एकीचं नाव निघालं की ती दुसरीबद्दल बोलायची. आता एक परत आणून दिली तर दुसरीचं काय होईल, याची मला खरोखर भीती वाटत होती. आईनं ऐंशी ओलांडली आहे. म्हटलं, इतकी वर्षं चाललं, आता कशाला? नात म्हणाली, "सांगायलाच पाहिजे आजी. ती जिवंत आहे तर आहे." पाचवीतल्या मुलांना सगळंच सोपं वाटतं. तरी घरी आल्यावर मी कपाटातून पुस्तक काढून तिच्या हातात दिलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी सास्तूरला निघालो. जळकोट मागं पडलं तेव्हा मी नातीला म्हटलं, राहू दे, पुढच्या वेळी सांगू. तिनं पुस्तक छातीशी धरलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

आई दारात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. चहा झाला, कोकणच्या आमसुलाची पुडी देऊन झाली. मग नातीनं शेवटचं पान उघडून वाचायला घेतलं.

"हितंच थांब," आई म्हणाली. तिनं मान वरसुद्धा केली नाही.

"नाही थांबणार मोठी आजी," नात म्हणाली आणि तिनं ते वाक्य वाचून टाकलं.

आईचे हात थांबले. मी घाईघाईनं सांगायला लागले. धक्का म्हणजे काय, सिमेंट, बोट, ती मासळीवाली बाई, तिनं आपटलेला पाय, सगळं. आईनं मला ते तीनदा सांगायला लावलं.

"म्हंजे ती मेली न्हाय?"

"नाही गं."

"घरी आली व्हय?"

"आली. सकाळी सकाळी आली."

"आन् म्या एवढी वर्सं तिच्या नावानं रडायलेय!" आई कडाडली. "तुज्या बापाला लई कळत हुतं! नांगर बगून पुस्तक घेनारा मानूस त्यो! आन् तू गं? शाळंत गेलतीस का शेन काडाय गेलतीस?"

मला बरं वाटलं. आई इतक्या जोरात कित्येक वर्षांत बोलली नव्हती. नात तोंडावर हात धरून हसत होती.

आईनं आणखी दोन-चार शेंगा सोलल्या. मग विचारलं, "मग तिच्या आईनं काय केलं?"

नातीनं पान उलटलं. पुढं नुसता पुठ्ठा. "ते लिहिलेलं नाही, मोठी आजी."

"त्यात लिव्हायचं काय आसतंय," आई म्हणाली. "न सांगता गेली म्हनून आदी दोन ठिवून दिल्या आसत्याल. मग जेवाय वाढलं आसंल."

आईनं सोललेले दाणे ताटलीत एका बाजूला सारले.

"माजी आली आसती तर म्या मारलंबी नसतं गं," ती म्हणाली.