भिंतीत बसवलेला दिवा

कालपासून घरात ओल्या प्लास्टरचा वास भरून राहिला आहे. नातसुनेनं बैठकीच्या खोलीत मधोमध लोंबणारा दिवा काढायला लावला आणि छताला वाटीएवढी भोकं पाडून त्यांत दिवे बसवायचं काम काढलं. आजी, आता दिवा दिसणार नाही, नुसता उजेड दिसेल, असं ती मला समजावत होती. मी म्हटलं, असला दिवा मी तुझ्या सासऱ्याच्या जन्माआधी बसवला आहे, तोही दीड हात जाडीच्या भिंतीत. ती हसली. म्हातारी काहीतरी बरळते असं तिला वाटलं असणार. तेव्हा लिहूनच ठेवते. चौथीपर्यंत शाळा झाली आहे, एवढं लिहायला ती पुरते.

बेंबळीच्या बाजूला माझं सासर. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. घर माळवदाचं, वर मातीचं सपाट छत, उन्हाळ्यात गार आणि बारा महिने अंधारं. पुढं सोपा, त्याच्यामागं एका भिंतीआड सैपाकघर. सोप्यात तुळईच्या कडीला कंदील टांगलेला असे आणि त्याच्याखाली पुरुष माणसं बसत. आम्हा बायकांना रॉकेलची चिमणी. ती उजेडापेक्षा काजळी जास्त द्यायची. पीठ हाताला कळायचं, मीठ जिभेला, भाकरी भाजली की नाही ते नाकाला. हल्ली लोक म्हणतात, त्या अंधारात माया होती. माया असेल. विंचूही होते.

मग गावात वीज आली. सासऱ्यांनी चावडीत बसून सांगितलं, घर एक तर दिवा एक. कंदील उतरला आणि त्याच कडीला बल्ब लोंबू लागला. पहिल्या दिवशी तो लागला तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, पण भिंतीच्या अलीकडून. दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत यायची, ती नेमकी केरसुणीवर पडायची. माझे मालक त्या भिंतीसारखेच, जाड आणि गप्प. वडिलांपुढं त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. मीही उघडलं नसतं, पण तशी वेळ आली.

नळदुर्गाकडचे एक सोयरे जेवायला आले. वयानं सासऱ्यांच्या बरोबरीचे, जिभेनं तिखट. दिवा दाखवायचा म्हणून सासऱ्यांनी दिवेलागणीलाच त्यांचं ताट बरोबर बल्बखाली मांडायला लावलं. इतकी वर्षं अंधारात रांधलेलं आम्ही अंधारातच खात होतो, म्हणून कुणाचं काही उघडं पडलं नव्हतं. आता रांधायचं अंधारात आणि खायचं लख्ख उजेडात. सोयऱ्यांनी भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून बघत बसले. भाकरीत मुंगळा होता.

दिव्यावरून पडला असेल, असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराआडून म्हणाल्या. सासऱ्यांचा चेहरा उतरला आणि ते दाराकडं बघून ओरडले, "डोळे फुटले का गं तुमचे? पाव्हण्याला काय खाऊ घालताय?"

वरून पडलेला मुंगळा भाकरीवर बसतो. हा भाकरीत भाजला होता. खोटं कशाला बोलायचं? मी पदर ओढून दारात आले. "पडला न्हाय, मामा. पिठात होता, मीच थापला. डोळे हायत आमाला. उजेड समदा तुमच्याकडं हाय."

मला वाटलं, आता माहेरची वाट. तेवढ्यात सोयरे हसले. मुंगळ्याचा तुकडा बाजूला ठेवून उरलेली भाकरी त्यांनी खाल्ली आणि हात धुताना म्हणाले, "पुढच्या खेपेला भाकर मी घरनं बांधून आणतो. तुमी दिवा तेवढा दाखवा."

हे सासऱ्यांना लागलं. दुसरा दिवा घ्यावा तर चावडीतला शब्द खाली पडतो. मी आत्याबाईंकरवी सुचवलं, भिंतीला आरपार भोक पाडा आणि दिवा तिथं बसवा, दोन्हीकडं उजेड पडेल. सासऱ्यांनी गावातल्या गवंडी चाचांना बोलावलं आणि त्यांच्यापुढं अडचण मांडली, सोप्यातून चूल दिसेल, सुना उघड्या पडतील.

चाचांनी भिंतीवर थाप मारून पाहिली. "तुळईखाली घेतो भोक. शिडीवर चढल्याबिगर आत दिसायचं न्हाय. आन शिडीवर चढून सुना बघणारा तुमच्या घरात कोण हाय?"

पाच हात उंचीवर भोक पडलं. वायरमननं कडीचा दिवा काढून भिंतीच्या पोटात, सोप्याकडच्या कडेला बसवला. संध्याकाळी बटण दाबलं तर सोपा उजळला, आणि सैपाकघरात उजेडाचा चौकोन पडला समोरच्या उतरंडीवर. कोपऱ्यातली चूल काळीच. जाड भिंतीतून उजेड नळीतून यावा तसा सरळ येत होता. सासरे म्हणाले, झालं समाधान? मला रडू आलं नाही, राग आला.

दुसऱ्या दिवशी पुरुष शेतावर गेल्यावर मी मेन स्वीच बंद केला, बल्ब काढला आणि शिडीवर चढले. पहारीनं आणि खुरप्यानं भोकाची आतली कड चुलीच्या बाजूला उतरती खणली, नरसाळ्याचं तोंड पसरट असतं तशी. शेणमातीनं लिंपली. लिंपण हे बायकांचंच काम, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. वाळल्यावर पांढऱ्या मातीचे दोन हात दिले. चाचा येऊन बघून गेले. म्हणाले, "हे मला सुचाया पायजे होतं, बेटी."

त्या संध्याकाळी उजेड उतरत-उतरत चुलीपर्यंत आला. परात दिसली, पीठ दिसलं, पिठातले सोंडकिडे दिसले. मी एकेक वेचून चुलीत टाकला. लढाई जिंकल्यासारखं वाटलं, आणि का वाटू नये? आत्याबाई येऊन बसल्या. वर बघितलं, काजळीनं काळी झालेली भिंत बघितली. तीस वर्षं त्या तिथं बसल्या होत्या. मला वाटलं, आता चार शब्द कौतुकाचे निघतील. त्यांनी माझ्या परातीत बघितलं.

"ही काय भाकर म्हणायची? कड बघ की, समदी चिरलेली."

खरंच चिरलेली होती. दोन वर्षं मी तशाच थापत होते आणि ते त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नाही. मी ती मोडली, पीठ पुन्हा मळलं, कडेला पाण्याचा हात लावून दुसरी थापली. चांगली गोल आली. आत्याबाईंनी मान हलवली आणि सरपण पुढं सारलं.

आता ते माळवद नाही, आत्याबाई नाहीत, चूलही नाही. माणसं गेली की त्यांचे शब्दही हळूहळू पुसले जातात, मी त्याचं दुःख करत बसत नाही. पण अजूनही भाकरी थापली की तव्यावर टाकण्याआधी माझी नजर कडेवरून एकदा फिरते.