अर्धी सिटीची, अर्धी काउंटीची

जेवायला बसलेल्या साहेबांना वाटतं, वाढणारीला कान नसतात. म्हणून तर माझ्या कॅन्टीनमध्ये खरकट्यापेक्षा किस्से जास्त साचतात! ओहायोतल्या आमच्या गावात एकाच बिल्डिंगमध्ये डावीकडे सिटीचे पोलीस बसतात, उजवीकडे काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे. मधे मी. पोलिसांसाठी वरून ग्रँट येते ती दोघांत मिळून. वाटून घ्या म्हणे. वाटून! ह्यांना साधा भात वाटून घेता येत नाही.

खोटं वाटतंय? ग्रँटच्या मीटिंगला मी एका मोठ्या ट्रेमध्ये पुलाव नेला. सिटीच्या चीफने विचारलं, "हा कोणाच्या बजेटमधून?" काउंटीचा मुख्य, म्हणजे शेरीफ, म्हणाला, "आमच्या नाही." दोघंही हाताची घडी घालून बसले. मी ट्रेच्या मधोमध काकडीच्या चकत्यांची रांग लावली. म्हटलं, "ही बॉर्डर. गिळा आता!"

जेवले की! काकडीला मात्र कोणी हात लावला नाही.

*

माझ्या शेजारी स्मिता राहते. पुण्याची, आयटीवाली. तिचे सासरे, नागपूरचे काका, हल्ली रस्ता विसरतात. पहिल्यांदा हरवले तेव्हा तिने सिटीला फोन केला. तिकडून प्रश्न, "रस्त्याच्या ह्या बाजूला हरवलेत की त्या? ती बाजू काउंटीची."

स्मिता म्हणाली, "ते ठाऊक असतं तर हरवले कसे म्हणाले असते?"

त्या दिवशी काकांना पोस्टमनने घरी आणून सोडलं. तेव्हापासून ती प्रत्येक मीटिंगला उभी राहून मागायची, "माणसं शोधायचा ड्रोन घ्या. नाहीतर मला जॉब सोडून दारात पहारा द्यावा लागेल."

घेतला! ड्रोन सिटीच्या कपाटात, बॅटऱ्या काउंटीच्या कपाटात. चीफ मला छाती फुगवून सांगतो, "म्हणजे एकट्याने कोणी वापरायला नको."

मी विचारलं, "मग दोघांनी मिळून कधी उडवलात?"

"त्याची मीटिंग अजून व्हायचीय."

*

उरलेल्या ग्रँटमधून गाडी घेतली. डाव्या अंगाला सिटीचं नाव, उजव्या अंगाला काउंटीचं. गावच्या वार्षिक परेडच्या दिवशी स्टेज नेमकं डाव्या हाताला! म्हणजे पाहुण्यांना नुसती सिटीच दिसणार. शेरीफ पेटला. मग ह्या शहाण्यांनी काय करावं? काउंटीचं नावही दिसावं म्हणून स्टेजपुढे गाडी गर्रकन फिरवली आणि पुढची परेड रिव्हर्समध्ये! पुढे चाललेल्या शाळेच्या बँडने मागे वळून बघितलं आणि ढोल टाकून पळ काढला.

तेव्हापासून गाडी बिल्डिंगच्या दारात उभी आहे. पेट्रोल कोणी भरायचं ते ठरत नाही. कुलूपसुद्धा कोणी लावत नाही. तेही दुसऱ्याचं काम!

*

मागच्या हिवाळ्याआधीची गोष्ट. दुपारी स्मिता धापा टाकत कॅन्टीनमध्ये आली. "मावशी, बाबा परत हरवले!"

चीफने ड्रोन काढला. शेरीफ म्हणाला, "बॅटरीला आमच्या माणसाची सही लागते. तो लंचला गेलाय."

मी ओरडले, "कुठला लंच? हा काय, माझं सूप भुरकतोय!"

सूपवाला म्हणाला, "ब्रेक संपू दे."

चीफ म्हणाला, "आधी कोणाच्या हद्दीत हरवले ते बघू."

मी ॲप्रन फेकला. "चल गं स्मिता, आपल्याला पाय आहेत." बाहेर आलो, तर दारातल्या त्याच गाडीत, मागच्या सीटवर काका! टॅक्सी समजून बसलेले. आणि पोलिसांच्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नाही. स्मिताला रडूच फुटलं.

मी दाराला हात घालणार, तेवढ्यात दोन्ही साहेब धावत आले. माणूस सापडला हे ग्रँटच्या रिपोर्टात दाखवायचं होतं ना! चीफने डावं दार उघडलं. "आमच्या बाजूने उतरवा, आम्हाला सापडले!"

शेरीफने उजवं उघडलं. "बसलेत आमच्या बाजूला, आमचेच!"

काकांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग स्मिताला म्हणाले, "सूनबाई, मी मधे सरकून बसू का?"