नारू पाहायला धामणगावास

अक्काचे पत्र वैशाखात आले. ‘ह्यांच्या पायाला नारू झाला आहे. थोरल्या दिरांचा नारू मागे अर्ध्यात तुटला, तेव्हापासून त्यांचा गुडघा आखडला आहे. तू येऊन जा.’ तिसऱ्या दिवशी नाशिकहून आगगाडीत बसलो आणि मलकापूरला उतरलो. पुढे धामणगाव बढेपर्यंत बैलगाडी. गाडीवान म्हणाला, चार तास. माझ्या घड्याळाप्रमाणे सहा तास दहा मिनिटे लागली. वऱ्हाडची काळी जमीन उन्हाने इतकी फाटली होती, की एका भेगेत माझी छत्री मुठीपर्यंत गेली.

भाऊजी ओसरीवर बाजेवर पडले होते. मला पाहताच ओरडले, “या साळेबुवा! शेती सोडली, आता पायातून सूत काढून राह्यलो!”

आपल्याकडच्या ज्यांनी नारू पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हा दोऱ्यासारखा पांढरा किडा माणसाच्या अंगात वर्षभर वाढतो आणि मग कातडीला फोड आणून बाहेर डोकावतो. भाऊजींच्या घोट्याजवळून असाच दोरा निघाला होता आणि एका काडीवर गुंडाळलेला होता. रोज दोन-तीन बोटे बाहेर घ्यायचा. ओढाताणीत तुटला तर आत राहिलेला भाग कुजतो आणि पाय जातो.

काडी फिरवायला करीमचाचा येत. ते जातीने पिंजारी. कापूस पिंजणे हा पोटाचा धंदा. नारू काढणे बापाकडून आलेले, त्याचे काही घेत नसत. जुन्या वैद्यकग्रंथांत या रोगाला स्नायुक म्हटले आहे, असे मी त्यांना सांगितले.

“आमच्या यूनानी किताबात मदिन्याची रग, म्हंजे शीर, म्हनतात,” चाचा काडीवरची नजर न हलवता म्हणाले. “कोनी हकीम म्हने रग हाय, कोनी म्हने किडा. शेकडो साल भांडले.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“मी म्हनतो, हयू (हळू) ओढा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी भाऊजींना आधार देऊन बारवेवर (पायऱ्यांच्या विहिरीवर) नेले. तिथे आणखी दोघे पाय पाण्यात सोडून बसले होते. गार पाण्याने आग थांबते आणि नारू सैल होतो, म्हणून ही इथली रीतच. चार पायऱ्या खाली बायका त्याच पाण्यात घागरी बुडवत होत्या.

नारू पाण्यात हजारो पिल्ले सोडतो, पाण्यातली बारीक पिसू ती पिल्ले खाते आणि ते पाणी पिणाऱ्याला पुढच्या वर्षी नारू होतो, असे एका मासिकात मी सचित्र वाचले होते.

दुपारी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा खाऊन झाल्यावर मी काचेच्या पेल्यात बारवेचे पाणी घेतले, वाचायचे भिंग काढले आणि चाचांना बोलावून मासिकातले सारे सांगितले. पेल्यात टिचक्या मारल्यासारखे उडणारे ठिपके मी सात मोजले. चाचांनी मोजले, तेही सात. मग तेच पाणी दुपदरी धोतरातून गाळले. एकही नाही. नारूचे पिल्लू या भिंगातून दिसत नाही, ते मी चित्रातच पाहिले आहे, हेही सांगितले.

चाचांनी भिंग खाली ठेवले. “चायीस साल मीच लोकायले पान्यात बसवून राह्यलो. मंग मी नारू काढत होतो का पेरत होतो?”

मला खोटे बोलता येईना. “दोन्ही,” मी म्हणालो.

ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले नाहीत. दहा वाजले, अकरा वाजले. दोरा वाळून ताठ होऊ लागला. आमच्यापैकी कुणाचाही हात काडीला लागेना. अक्का माहेरची भाषा कधीच विसरली आहे, माझ्यावर कडाडली, “शाना मोठा! त्या म्हाताऱ्याले दुखवाची काय गरज होती तुले? पाय काय तुह्या मासिकातून आनू?”

भाऊजी मात्र म्हणाले, “राहू दे वं. खरं बोलला तो.” पण त्यांनी बाजेची दोरी घट्ट धरली होती.

बारा वाजून वीस मिनिटांनी चाचा दारात उभे राहिले. डोक्यावर पितळी घंगाळ.

“काऊन उशीर, चाचा?” भाऊजींनी विचारले.

“पहाटपासून बारवेवर बसलो होतो. दोघांयले वापस धाडलं. एक जन मले पागल म्हनला. चाल पाटील, पाय घाल याच्यात.”

अर्धा तास त्यांनी घंगाळातल्या पाण्याने दोरा भिजवला. मग काडीचा एक वेढा. मग दुसरा. उरलेले पाणी त्यांनी स्वतः उचलून बारवेपासून दूर, तापलेल्या मुरमावर ओतले.

नारू सहा दिवसांनी अख्खा निघाला. अक्काच्या शिवणाच्या फितीने मोजला, एकोणतीस इंच. भाऊजी अंगणात सात पावले चालले आणि आठव्याला आधारासाठी अक्काला हाका मारू लागले.

घरी आल्यापासून लोक विचारतात, वऱ्हाडात पाहण्यासारखे काय आहे? शेकडो वर्षे हकीम ज्यावर भांडले ते कोडे भिंगवाल्यांनी सोडवले, हे मला आधीच ठाऊक होते. पण चाळीस वर्षांची आपली रीत चुकली हे एका दुपारी ऐकून घेऊन दुसऱ्या पहाटे पायरीवर जाऊन बसणारा माणूस मी धामणगावातच पाहिला. मी निघालो तेव्हाही तो तिथेच होता, आणि घागर घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला सांगत होता, “दुपदरी कपडा बांध, बेटी. दुपदरी.”